उधारीची वही: चालत्या कोडमध्ये नव्याने पाऊल ठेवणाऱ्यांसाठी

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेने दर बदलल्याचं जाहीर केलं, तेव्हा गणपती अजून मखरातच होते. नवे दर लागू व्हायचे होते २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेला. मध्ये एकोणीस दिवस. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, ५ आणि १८ राहिले, वर चैनीच्या वस्तूंसाठी ४०. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं, वह्या-पेन्सिली १२ वरून थेट शून्यावर.

मी तेव्हा पुण्यात एका बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करत होतो. काम सोपं वाटलं: कोडमध्ये ०.१८ शोधायचं आणि जिथे लागेल तिथे बदलायचं. शोधलं तर एकतीस जागा निघाल्या. त्यातल्या चार जागांचा वस्तूंवरच्या कराशी संबंधच नव्हता. तिथे उशिरा भरलेल्या करावरचं वार्षिक १८ टक्के व्याज मोजलं जात होतं, आणि ते काही बदललेलं नव्हतं. उलट जिथे बदल हवाच होता अशा सहा जागा शोधात आल्याच नाहीत. कारण कुणी १.१८ ने गुणलं होतं, तर कुणी करासकट किमतीतून कर बाजूला काढायला १८ ने गुणून ११८ ने भागलं होतं. एकोणीसपैकी अकरा दिवस नुसतं शोधण्यात गेले. प्रत्यक्ष बदल दोन दिवसांत झाला.

नव्याने कामाला लागलेल्यांना मी तांत्रिक कर्ज, म्हणजे कोडमध्ये आज वेळ वाचवून उद्यावर टाकलेलं काम, समजावतो ते या अकरा दिवसांवरून. ते व्याज होतं. मुद्दल कुणी आणि कधी उचललं होतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आधी शब्द नीट लावून घ्या

इंग्रजीतली ‘टेक्निकल डेट’ देवनागरीत लिहिली की ती तारीख वाटते, म्हणून मी सरळ उधारी म्हणतो. ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम यांची. १९९२ साली ते वायकॅश नावाच्या, गुंतवणुकीचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर स्मॉलटॉक भाषेत काम करत होते. रोजचा व्यवहारच पैशाचा, त्यामुळे चालत्या कोडमध्ये पुन्हा हात का घालायचा हे साहेबांना पटवताना कर्जाचीच भाषा सोयीची पडली. त्यांचं म्हणणं असं, की आज विषय जेवढा कळलाय तेवढ्यावर कोड लिहून ग्राहकापर्यंत पोचवणं म्हणजे थोडं कर्ज काढणं. त्याने वेग मिळतो. मात्र पुढे जे नवं कळेल ते कोडमध्ये परत घालत राहिलं पाहिजे, नाहीतर व्याज चढतं. वाईट कोड लिहायला आपण कधीच मुभा दिली नव्हती, असंही त्यांनी नंतर स्पष्ट केलं.

आपल्याकडे हा शब्द सर्रास कशालाही चिकटवतात. मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो. एक खरी उधारी: आम्हाला माहीत होतं, वेळ नव्हता, ठरवून शॉर्टकट घेतला. दुसरा कचरा: व्हेरिएबलचं नाव ‘टेम्प२’, चारशे ओळींचं फंक्शन, कॉपी-पेस्ट. यातून कुणाचा काही वेळ वाचला नाही, फक्त आळस झाला. आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल कुणालाच बोल लावता येत नाही: जग बदललं. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तेव्हा बिलाला एकच राज्य कर गृहीत धरून लिहिलेलं सॉफ्टवेअर अगदी नीटनेटकं असू शकत होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच बिलावर केंद्राचा व राज्याचा असे दोन कर, परराज्यात विक्री असेल तर तिसराच एक. कोडचं एक अक्षरही न बदलता तो रातोरात कर्जबाजारी झाला.

हा फरक कामाचा आहे, कारण इलाज वेगळे आहेत. कचरा दिसेल तिथे उचलायचा, त्याला मीटिंग लागत नाही. उधारीचा हिशेब मांडायचा. जग बदलल्याने जे पडतं ते बांधायला मात्र वेगळा वेळ आणि बजेट मागावं लागतं.

पहिला महिना: हात खिशात

नव्या नोकरीतल्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला वाटतं, हे सगळं पाडून परत लिहूया. मलाही वाटलं होतं. ही भूक दाबा.

नेटस्केपचं उदाहरण जुनं असलं तरी अजून दुसरं याच्या तोडीचं सापडलेलं नाही. त्यांची चौथी आवृत्ती १९९७ ची. नंतर जुना कोड बाजूला ठेवून नवीन लिहायचं ठरलं. पाचवी आवृत्ती आलीच नाही, सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने बाजार खाल्ला होता. तीन वर्षं ग्राहकाच्या हातात नवं काही न देता चालणारं दुकान मी तरी पाहिलेलं नाही.

शिवाय जुन्या कोडमधली विचित्र दिसणारी ओळ बरेचदा कुणीतरी किंमत मोजून मिळवलेलं ज्ञान असते. आमच्या कोडमध्ये एक अट होती: ग्राहकाचा राज्य क्रमांक २५ असेल तर २६ धरा. वर कॉमेंट नाही, काही नाही. एका नव्या मुलीने ती मूर्खपणाची म्हणून काढून टाकणारी पुल रिक्वेस्ट (आपला बदल तपासून स्वीकारा अशी विनंती) टाकली. मी तिला म्हटलं, अगं, कोडमधल्या बदलांचा इतिहास गिटमध्ये असतो, आधी त्यातलं ब्लेम लावून ही ओळ कधी आली ते बघ. ओळ २०२० सालची निघाली. दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली हे दोन केंद्रशासित प्रदेश त्या वर्षी २६ जानेवारीला एक झाले, आणि जीएसटीत दमण-दीवचा २५ जाऊन दोघांना मिळून २६ राहिला. जुन्या ग्राहकांच्या नोंदीत मात्र २५ तसाच होता. ती ओळ काढली असती तर दमणच्या प्रत्येक जुन्या ग्राहकाचं बिल अडलं असतं.

शेवटी तिने ओळ ठेवली, वर दोन वाक्यांची कॉमेंट लिहिली आणि २५ हा आकडा थेट न वापरता त्याला नाव दिलं. पहिल्या महिन्यात एवढी सफाई पुरते. प्रत्येक विचित्र गोष्टीला तीन प्रश्न विचारा: ही कधी आली, कुठल्या टिकेटसाठी (कामाच्या किंवा तक्रारीच्या नोंदीसाठी) आली, आणि ते कारण आजही आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तरच कात्री. गिटमधून उत्तर मिळालं नाही तर सपोर्टवाल्यांना विचारा. ग्राहकांचे फोन तेच घेतात, त्यामुळे कोडमधल्या अर्ध्या अटी कशासाठी आल्या ते त्यांना तोंडपाठ असतं. डेव्हलपर त्यांच्याकडे सहसा फिरकत नाहीत, हे त्यांचं दुर्दैव नव्हे, आपलं.

व्याज कुठे जातंय ते मोजा

बँकेच्या कर्जाला तुम्ही वापरा किंवा वापरू नका, व्याज लागतं. कोडच्या उधारीचं तसं नाही. त्या फाइलला हात लावावा लागला तरच व्याज पडतं. आमच्याकडे बारकोड छापणारा एक भाग होता. २०१४ चा, बघवत नाही असा. पण चार वर्षांत त्यात एकच बदल झाला होता. तो सुधारायला आठवडा घालवणं म्हणजे बिनव्याजी हातउसने आधी फेडून सावकाराला थांबवणं.

मोजणं अवघड नाही. गिटला गेल्या सहा महिन्यांचा लॉग मागा, त्यातून फक्त बदललेल्या फायलींची नावं काढा, कुठलं नाव किती वेळा आलं ते मोजा आणि उतरत्या क्रमाने लावा. पाच मिनिटांचं काम आहे. वरच्या दहा फायली घ्या. त्यातल्या कॉन्फिगरेशनच्या आणि आपोआप तयार होणाऱ्या काढून टाका. उरलेल्या उघडून बघा आणि त्यातली कुठली वाचताना डोकं दुखतं ते टिपा. वरचेवर बदलते आणि वाचवत नाही, अशा दोन-तीनच निघतात. बाकी कोडबेस कितीही ओंगळ असला तरी त्या दोन-तीन फायलींपुरतंच सध्या बघायचं.

मग बगच्या टिकेटांशी ताडून पहा. आमच्या यादीत कर मोजणारी फाइल दुसऱ्या नंबरवर होती. हे आम्ही ऑगस्टमध्ये मोजलं असतं तर सप्टेंबर बरा गेला असता.

वही घाला

‘उधारीचं पोतं सव्वा हात रितं’ असं आपल्याकडे म्हणतात. उधारीवर आणलेला माल मापात कमीच भरतो. पण किराणा दुकानदार निदान वहीत लिहून तरी ठेवतो. आपण ‘टूडू: नंतर नीट करू’ एवढी कॉमेंट टाकून मोकळे होतो. ती कुणी लिहिली, ‘नंतर’ म्हणजे कधी, ‘नीट’ म्हणजे काय, यातलं काही कळत नाही. मी नऊ वर्षांपूर्वीचा टूडू पाहिलाय. लिहिणाऱ्याने तोवर तीन कंपन्या बदलल्या होत्या.

वहीसाठी वेगळं सॉफ्टवेअर घेऊ नका. रिपॉझिटरीतच, म्हणजे कोड ठेवतो तिथेच, एक साधी मजकूर फाइल ठेवा, किंवा टिकेटांना एक लेबल लावा. कोडपासून लांब, कुठल्यातरी शेअर केलेल्या एक्सेलमध्ये ठेवलेली वही महिन्याभरात मरते. एका नोंदीत पाच गोष्टी हव्यात: काय उधार घेतलं, कुठल्या फायलीत, का घेतलं, त्यामुळे रोज काय त्रास होतो, आणि कशावरून समजायचं की आता फेडायची वेळ आली. आमच्या वहीतली एक नोंद अशी होती:

‘परताव्याच्या पावतीवर मूळ बिलातला दर न घेता वस्तूचा आजचा दर लागतो. फाइल: परतावा. कारण: मूळ बिल शोधायचा कोड लिहायला वेळ नव्हता, आणि दर फारसे बदलत नाहीत असं धरलं. त्रास: सध्या काही नाही. फेडायची वेळ: कुठल्याही वस्तूचा दर बदलल्याचं जाहीर झालं की त्या दिवशी.’

शेवटचं वाक्य बघा. त्यात तारीख नाही, घटना आहे. तारखा सरकतात, आणि ‘पुढच्या तिमाहीत’ कधीच उगवत नाही. घटना मात्र घडली की लपवता येत नाही. ४ सप्टेंबरला सकाळी ही नोंद आपणहून वर आली, म्हणून १८ टक्क्यांनी विकलेला शाम्पू घटस्थापनेनंतर परत आला तेव्हा त्याची पावती १८ नेच निघाली. एवढ्या धावपळीत हे कुणाच्या लक्षात राहिलं असतं असं मला वाटत नाही.

फेडायचं कसं: दराचा तक्ता

आता मुख्य काम. एकतीस अधिक सहा वजा चार, म्हणजे तेहेतीस ठिकाणी विखुरलेला दर एका जागी आणायचा होता. आम्ही ज्या क्रमाने केलं तो सांगतो. पहिल्यांदा आम्ही क्रम चुकवला होता, तेही सांगतो.

चूक ही, की आम्ही तक्ता आधी लिहिला. सुंदर झाला. मग जुन्या जागी तो लावायला लागलो आणि तिसऱ्याच ठिकाणी बिलाची बेरीज एक पैशाने बदलली. जुनं बरोबर की नवं, सांगता येईना, कारण जुनं नेमकं काय करतं हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. सगळं मागे घेतलं.

दुसऱ्यांदा टेस्टपासून सुरुवात केली. टेस्ट म्हणजे ‘काय व्हायला हवं’ ते तपासणारी नव्हे, ‘आज काय होतं’ ते टिपणारी. प्रॉडक्शनमधली, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या यंत्रणेतली, दोनशे जुनी बिलं घेतली, त्यांतली ग्राहकांची नावं-फोन पुसले, आणि आजचा कोड त्यांवर जी उत्तरं देतो ती जशीच्या तशी नोंदवली. त्यातलं एखादं उत्तर चुकीचं दिसलं तरी तेच नोंदवलं आणि वहीत वेगळी नोंद केली. सुधारणा आणि दुरुस्ती एका दमात करायची नाही. कोडची रचना बदलणाऱ्या कमिटमध्ये (गिटमध्ये एकदम नोंदवलेल्या बदलात) एकाही बिलाचं उत्तर बदलता कामा नये. उत्तर बदलणाऱ्या कमिटमध्ये रचनेला हात लागता कामा नये. रिव्ह्यू करणाऱ्याचं आयुष्य याने वाढतं, आणि रात्री दोन वाजता काही मागे घ्यायची वेळ आली तर नेमकं काय मागे घ्यायचं ते कळतं.

एका पैशाचं कोडंही तिथेच सुटलं. जुन्या कोडमध्ये काही ठिकाणी रक्कम दशांश अपूर्णांकात होती, आणि संगणकाच्या फ्लोट या दशांश साठवायच्या नेहमीच्या प्रकारात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेपटाला एक ४ लटकतो. पैसे पैशांतच, पूर्णांकात ठेवा. नाहीतर भाषेत खास दशांश प्रकार असतो तो वापरा. यावर मी वाद घालत नाही.

सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास झाल्यावर एक फंक्शन लिहिलं: वस्तू द्या, तारीख द्या, दर घ्या. आतमध्ये अजून जुनेच आकडे, म्हणजे १८ ला १८. मग एकेक जागा घेऊन तिथला आकडा काढून या फंक्शनला विचारायला लावलं. दर जागेनंतर टेस्ट, दर जागेला एक कमिट. कंटाळवाणं काम आहे, पण तीन दिवसांत संपतं. मुख्य म्हणजे मध्येच कुणी ‘प्रॉडक्शनला तातडीने एक बग सुधारून द्या’ म्हणालं तर अर्धवट पाडलेल्या घरात उभं राहावं लागत नाही.

तारीख का? कारण २१ सप्टेंबरचं बिल पुन्हा छापलं तर ते जुन्या दराने छापलं गेलं पाहिजे. तक्त्यात प्रत्येक दराला ‘या तारखेपासून’ असा रकाना ठेवला आणि जुनी ओळ कधीच खोडली नाही. माल एका तारखेला गेला, बिल दुसऱ्या, पैसे तिसऱ्या, तर कुठली तारीख धरायची याचे कायद्यात नियम आहेत. ते डेव्हलपरने मनाने ठरवू नयेत, सीएला विचारावेत. कोडने फक्त तारीख मागावी.

इथपर्यंत आल्यावर आम्ही खूश होतो. मग कपडे आले. तयार कपड्यांवर नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि वर १२, असा जुना नियम. २२ सप्टेंबरपासून मर्यादा २५०० झाली आणि वरचा दर १८. म्हणजे दर नुसत्या वस्तूवर ठरत नाही, किमतीवरही ठरतो. आमच्या नीटस तक्त्यात किंमत हा रकानाच नव्हता. कनिंगहॅम म्हणतात ते हेच: विषय थोडा जास्त कळला, आता ते ज्ञान कोडमध्ये घाला. सगळ्या जागा एकाच फंक्शनला विचारत असल्याने किंमत हा तिसरा प्रश्न जोडायला एक दुपार लागली. तेहेतीस ठिकाणी जोडावा लागला असता तर आम्ही दसऱ्याचं सोनं ऑफिसमध्येच वाटलं असतं.

मेलेला कोड गाडा

नवा रस्ता चालू झाला की जुना काढून टाकायचा, हे काम सगळेच टाळतात. ‘असू दे, कधी लागला तर.’ गिटमध्ये तो कायम आहे, लागला तर तिथून घ्या.

असू दिल्याने काय होतं ते नाइट कॅपिटल या अमेरिकन ब्रोकर कंपनीने १ ऑगस्ट २०१२ ला पाहिलं. न्यूयॉर्क शेअर बाजारात त्या दिवशी एक नवी योजना सुरू होत होती, तिच्यासाठी नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. चढला सातांवर. आठव्यावर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड तसाच होता. २००३ पासून तो कुणी वापरला नव्हता, पण काढलाही नव्हता. नव्या कोडने जो फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायची खूण, वापरला तो पूर्वी पॉवर पेग चालू करण्यासाठीच होता. बाजार उघडला, फ्लॅग लागला, आणि आठव्या सर्व्हरवरचं भूत उठलं. दिलेली ऑर्डर पुरी झाली की थांबायचं, हे मोजणारा भाग २००५ मध्येच दुसरीकडे हलवलेला असल्याने ते थांबेना. लोकांनी घाईघाईत बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरूनही नवा कोड काढला, तेव्हा आठही बिघडले. साधारण ४५ मिनिटांत १५४ शेअरमध्ये ४० लाखांवर व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरच्या वर खड्डा पडला. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना धाडले होते, पण ते धोक्याची सूचना म्हणून कुणी वाचले नाहीत.

तुमच्या कोडला असा झटका बसेलच असं नाही. पण दोन सवयी आजच लावून घ्या: जुना फ्लॅग नव्या कामाला वापरायचा नाही, आणि ‘जुना रस्ता काढा’ हे टिकेट नव्या रस्त्याच्या टिकेटबरोबरच उघडायचं.

ठरवून उधार घ्यायचं तर

घ्या. एकोणीस दिवसांची मुदत असताना सगळं आदर्श करत बसणं हा शहाणपणा नव्हे. मी फक्त एवढं बघतो: हा शॉर्टकट एका फायलीत, एका फंक्शनच्या आत कोंडून ठेवता येतोय का? आत कितीही ओबडधोबड असो, बाहेरच्याला दिसणारं नाव आणि मागितलेली माहिती नीट असेल तर पुढे आतलं बदलता येतं. बाहेर सांडणारा शॉर्टकट मात्र महाग पडतो.

चार ठिकाणी मी उधार घेतच नाही: पैशाचा हिशेब, पासवर्ड आणि परवानग्या, डेटाबेसमध्ये माहिती कशी साठवायची ते, आणि बाहेरच्या लोकांना वापरायला दिलेला एपीआय, म्हणजे त्यांच्या कोडने आपल्या कोडशी बोलायचा मार्ग. पहिल्या दोनांचं कारण सांगायला नको. तिसऱ्यात चुकीची माहिती साठत जाते, आणि नंतर कोड सुधारला तरी साठलेली माहिती सुधारत नाही. चौथ्यात तर तुमची चूक दुसऱ्यांच्या कोडमध्ये मुरते, आणि त्यांना ती सोडायला सांगणारे तुम्ही कोण?

एआयकडून कोड लिहून घेत असाल तर तोही याच हिशेबात धरा. तुम्हाला न समजलेला कोड स्वीकारणं ही उधारीच आहे, फक्त ती घेताना दमायला होत नाही.

सफाईचाही अतिरेक होतो

नव्या उत्साही लोकांकडून होणारं नुकसान मला आळशांपेक्षा जास्त दिसलंय. एकाला आमच्या कोडमध्ये दोन जागी ५ टक्के दिसले: एक नेहमीच्या ग्राहकाची सूट, दुसरं पॅकिंगचं शुल्क. ‘एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही’ हे त्याने पाठ केलेलं. दोन्ही मिळून एक स्थिरांक केला. दिवाळीत दुकानदाराने सूट १० टक्के केली आणि पॅकिंगचं शुल्कही दुप्पट झालं. दिसायला सारखं असणं आणि एकच असणं यात फरक आहे. विचारायचा प्रश्न हा: उद्या यातलं एक बदललं तर दुसरं बदलायलाच हवं का? नसेल तर राहू देत दोन. तीन ठिकाणी खरोखर एकच गोष्ट दिसली की मग एकत्र करा. दोनावर थांबायला शिका.

तसंच ‘उद्या इतर देशांचे करही लागतील’ म्हणून आजच पाच थरांची रचना उभारणं. तो उद्या बहुधा येत नाही, आणि आला तर वेगळ्याच रूपात येतो. कपड्यांच्या किमतीची अट आम्ही कितीही आधी विचार केला असता तरी सुचली नसती.

मॅनेजरशी बोलताना

‘कोड घाण आहे, दोन आठवडे द्या’ असं म्हणू नका. त्यांना ऐकू येतं: ‘आम्हाला दोन आठवडे काहीही न देता बसायचंय.’ वही उघडा आणि व्याज दाखवा. मी दाखवलं ते असं: दर बदलायला एकोणीसपैकी अकरा दिवस शोधण्यात गेले, तीन माणसं होती, म्हणजे तेहेतीस दिवसांचा पगार. तक्ता नीट केला तर पुढच्या वेळी एक माणूस, एक दिवस. साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

वेगळा ‘सफाई सप्ताह’ मागण्यापेक्षा चालू कामातच फेडत जा. ज्या फायलीत नवं काम करायचंय, तिथेच आधी जागा करून घ्यायची आणि मग नवं काम घालायचं. अंदाज देताना दोन्हीचा मिळून एकच आकडा द्या. सुताराने लाकूड रंधायचे वेगळे पैसे मागितलेले कधी ऐकलेत का? आठवड्याला एकाने वहीतली एक नोंद फेडायची, असा आमच्याकडे रिवाज आहे. कधी चुकतोही. रिलीजच्या आठवड्यात कुणी वहीकडे बघत नाही, आणि ते ठीक आहे.

आमच्या वहीत आज अकरा नोंदी आहेत. सगळ्यात वरची अशी: ‘नवे दर तक्त्यात हाताने भरावे लागतात, त्यासाठी स्क्रीन नाही. त्रास: दर बदलले की एका माणसाची एक दुपार. फेडायची वेळ: एका वर्षात तीनदा दर बदलले तर.’ अजून तशी वेळ आलेली नाही. स्क्रीन आम्ही बनवलेली नाही.